गौरादेवी: घर, शेत आणि रैणीचं जंगल सांभाळणारी बाई (एक प्रकरण अभ्यास)

बचत गटांच्या ट्रेनिंगमध्ये मी एक केस नेहमी घेते, २६ मार्च १९७४ ची, रैणी गावची. रैणी म्हणजे आत्ताच्या उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, जोशीमठहून मलारीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं छोटं गाव, ऋषिगंगा आणि धौलीगंगा जिथे मिळतात तिथलं, तेव्हा हा सगळा भाग उत्तर प्रदेशात होता. चिपको म्हटलं की आपल्याला झाडाला मिठी मारलेल्या बायका आठवतात आणि गौरादेवींचं नाव परीक्षेपुरतं पाठ असतं. पण ही बाई होती कोण, दिवसभर करायची काय, आणि तिच्या एका हाकेवर एवढ्या बायका हातातलं काम टाकून का निघाल्या, हे फारसं कोणी सांगत नाही. मला विचाराल तर सगळी केस त्या दिवसाच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांत आहे, म्हणून मी आधी घर सांगते आणि जंगल नंतर.

घर आणि शेत

गौरादेवींचा जन्म १९२५ चा, माहेर लाता, रैणीच्या जवळचंच गाव. समाज भोटिया, म्हणजे तिबेट सीमेलगतचे डोंगरी लोक, त्यातले तोल्छा. या लोकांचं पोट तीन गोष्टींवर चालायचं, थोडी शेती, मेंढरं आणि लोकर, आणि तिबेटशी व्यापार. इकडून धान्य, गूळ, कापड वर जायचं आणि तिकडून मीठ आणि लोकर खाली यायची. लग्न लहान वयातच झालं, नवरा मेहरबान सिंह रैणीचे. गौरादेवी बावीस वर्षांच्या असताना ते गेले. पदरात अडीच वर्षांचा मुलगा, घरात म्हातारे सासू-सासरे, आणि शेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडच्या बायकांना ती लगेच कळते. त्या डोंगरात शेतीचं जवळजवळ सगळं काम बाई करते, शेणखत पाठीवरच्या टोपलीतून चढावर नेणं, पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी, गुरांचं गवत, सरपण, पाणी, वरून घरी सूत कातणं वेगळं. फक्त नांगराला तिने हात लावायचा नाही, नांगर पुरुषानेच धरायचा अशी रीत. म्हणजे ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरातल्या बाईने दर हंगामात कोणाच्या तरी दारात जाऊन 'आमचं तेवढं रान नांगरून द्या' म्हणून विनवायचं. गौरादेवींनी हे वर्षानुवर्षं केलं. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली की मागे बसलेली एखादी बाई हमखास बोलते की आमच्याकडे पण तसंच, एकट्या बाईच्या रानात ट्रॅक्टरवाला शेवटी येतो, तोवर वाफसा निघून गेलेला असतो. विधवा बाईची शेती म्हणजे काय हे त्या एका वाक्यात येतं, मला वेगळं समजवावं लागत नाही.

त्यात १९६२ चं चीनचं युद्ध झालं, सीमा बंद, तिबेटचा व्यापार संपला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पैशाचा रस्ता एका झटक्यात तुटला. पुरुष मजुरीला, फौजेत, रस्त्याच्या कामाला बाहेर पडले, काही जमिनी सैन्यासाठी घेतल्या गेल्या आणि त्यांची भरपाई लटकत राहिली (ही भरपाई लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). आता राहिलं काय, तर थोडं शेत आणि जंगल. राजमा, चौलाई म्हणजे आपला राजगिरा, असलं काही पिकवायचं आणि बाकी सगळं जंगलातून. गाय आहे तर गवत पाहिजे, गोठ्यात अंथरायला पालापाचोळा पाहिजे, त्याचंच खत होणार आणि तेच शेतात जाणार. चूल पेटायला लाकूड. ताप-खोकल्याला जडीबुटी. जंगल गेलं तर बाईची सरपणाची फेरी दोन तासांची चार तासांची होते, गाय भाकड होते, शेताचं खत कमी होतं, आणि हे सगळं घरातल्या एकाच माणसाच्या अंगावर येतं. हा हिशोब गौरादेवींना कोणी शिकवला नव्हता, शाळेत तर त्या कधी गेल्याच नाहीत, तो रोज पाठीवर वाहत होत्या.

गावचं काम

मुलगा मोठा झाल्यावर त्यांचं लक्ष हळूहळू गावाच्या कामात जायला लागलं. १९७२ च्या सुमाराला त्या रैणीच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्षा झाल्या. महिला मंगल दल म्हणजे आपल्या महिला मंडळासारखंच, गावातल्या वाटा, पाण्याच्या जागा साफ ठेवणं, कोणाकडे लग्न आहे कोणाकडे मयत आहे तिथे हात लावणं, जंगलातून गवत-लाकूड आणायचं ते मिळून ठरवून आणणं, असली कामं. पगार नाही, मानधन नाही, घरचं आवरून झाल्यावर करायचं. अशा कामाला लोक 'बायकांचं आपलं काहीतरी' म्हणतात आणि विषय सोडून देतात. मी या केसमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच भागावर घालवते कारण कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोणाची सून आत्ता शेतात असेल, कोण पटकन निघेल आणि कोणाला दोनदा सांगावं लागेल हे अध्यक्षेला तोंडपाठ असतं, आणि वेळ आली तेव्हा नेमकं तेच कामी आलं.

थोडं आजूबाजूचं पण सांगते. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला भयंकर पूर आला, बेलाकुची नावाची रस्त्यावरची वस्ती वाहून गेली, बसगाड्या गेल्या, १८९३ साली दरड कोसळून तयार झालेला गौना ताल फुटून संपला, आणि गाळ पार खाली हरिद्वारच्या कालव्यापर्यंत गेला. गोपेश्वरची दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था, चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी, मदतकार्यात होते आणि त्यांनी पाहिलं की जिथे वरचं जंगल तोडलंय तिथे जास्त नुकसान झालंय. बायकांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. मग १९७३ मध्ये दुसरी गोष्ट झाली. याच संस्थेने शेतीची अवजारं बनवायला अंगूची थोडी झाडं मागितली, अंगूचं लाकूड हलकं आणि मजबूत, बैलाच्या मानेवरचं जू त्याचंच करतात. वनखात्याने नाही म्हटलं, आणि तीच झाडं अलाहाबादच्या सायमंड्स कंपनीला खेळाचं सामान बनवायला दिली. शेतकऱ्याला जू नाही आणि बॅट-रॅकेटला झाडं, लोक पेटले, मंडल गावच्या जंगलात आणि नंतर फाटा-रामपूरला कंपनीच्या माणसांना हात हलवत परत जावं लागलं. 'चिपको' ही हाक तिथली.

रैणीच्या वरच्या जंगलातल्या जवळजवळ अडीच हजार झाडांचा लिलाव डेहराडूनला जानेवारी १९७४ मध्ये झाला. चंडीप्रसाद भट्ट, आणि जोशीमठ भागातले कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंद सिंह रावत, गावोगाव फिरून सांगत होते, सभा होत होत्या. गौरादेवी आणि गावच्या बायका त्या सभा ऐकत होत्या. पण जंगल वाचवायची जबाबदारी पुरुषांची आहे असंच सगळे धरून चालले होते, सरकार पण आणि आंदोलनवाले पण.

त्या दिवशी काय झालं

२६ मार्चला सरकारने चमोलीला बोलावलं, तीच १९६२ नंतरच्या जमिनींची भरपाई वाटणार म्हणून. इतकी वर्षं लटकलेला पैसा, कोण नाही जाणार, रैणी आणि आसपासच्या गावातले पुरुष चमोलीला गेले. चंडीप्रसाद भट्टांना गोपेश्वरला वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी थांबवून ठेवलेलं. आणि त्याच दिवशी ठेकेदाराचे मजूर आणि वनखात्याची माणसं जोशीमठहून बसने निघाली, बसचे पडदे ओढलेले, रैणी यायच्या आधीच उतरून बाजूबाजूने जंगलाकडे चालायला लागली. सगळं अगदी ठरवून केलेलं. फक्त मागे राहिलेल्या बायका या हिशोबात कोणी धरल्याच नव्हत्या.

एका लहान मुलीने त्यांना जाताना पाहिलं आणि ती पळत गौरादेवींकडे आली. ही मुलगी मला फार महत्त्वाची वाटते. ती पोलीस पाटलाकडे, सरपंचाकडे, मास्तरांकडे गेली नाही, ती थेट या काकीकडे आली कारण गावात काही झालं की हिला सांगायचं हे पोरीसोरींना पण माहीत होतं. गौरादेवी घरोघर गेल्या. कोणाच्या चुलीवर स्वयंपाक होता, कोणी आणखी कशात होती, तसंच टाकून बायका आणि मुली निघाल्या, सगळ्या मिळून सत्तावीस. पन्नाशीला टेकलेली बाई पुढे आणि मागे या.

वर मजूर जेवणाची तयारी करत होते. बायकांनी आधी भांडण केलंच नाही. भाऊ, जेवण करा आणि आमच्याबरोबर खाली चला, आमची माणसं आली की बोलू, हे जंगल आमचं माहेर आहे, ते तोडलंत तर डोंगर आमच्या घरावर येईल, शेतं वाहून जातील, अशा अर्थाचं त्या बोलल्या. माहेर म्हणजे जिथून अडीअडचणीला कायम काहीतरी मिळतं ती जागा, आणि त्यांनी जंगलाला तेच म्हटलं. मजूर हिमाचलकडचे, ते पण गरीब डोंगरी लोक, त्यांना हे कळत होतं. पण त्यांच्यातल्या आणि खात्याच्या काही माणसांनी शिव्या दिल्या, धमक्या दिल्या, काही दारू प्यायलेले होते, आणि एकाने बंदूक काढली. असं सांगतात की गौरादेवी त्याच्यासमोर छाती पुढे करून उभ्या राहिल्या, आधी मला मार आणि मग आमचं माहेर तोड.

मजूर मागे हटायला लागले. बायकांनी त्यांना वाटेने खाली आणलं, आणि वाटेत एका ठिकाणी दरडीमुळे तुटलेल्या पायवाटेवर सिमेंटची लादी टाकून रस्ता जोडला होता, ती त्यांनी सब्बल म्हणजे पहार लावून पाडली असंही सांगितलं जातं, म्हणजे परत वर जायची वाटच राहिली नाही. रात्रभर त्या तिथेच थंडीत राखण करत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुरुष परत आले तेव्हा त्यांना कळलं की काय झालंय.

अजून एक बारीक गोष्ट, मला स्वतःला ती बंदुकीपेक्षा मोठी वाटते. सुरुवातीला गौरादेवींनी शिवीगाळीचं आणि बंदुकीचं सगळं सांगितलं नाही म्हणतात, कारण त्या कर्मचाऱ्यांची नोकरी जाईल, त्यांच्या पण घरी बायका-पोरं आहेत. जिने पैशाचा एकेक रस्ता बंद होताना घरात बसून पाहिलाय तीच बाई असा विचार करू शकते.

हे जमलं कसं

आमच्या गटात इथे थांबून मी विचारते की तुमच्या मते हे का जमलं. पहिला प्रश्न उलटा माझ्याकडेच येतो, ताई, मग त्या रात्री घरी लहान पोरांना कोणी बघितलं, गुरांना कोणी वैरण टाकली? मला हा प्रश्न फार आवडतो. म्हाताऱ्या सासवा मागे होत्या, शेजार होता, म्हणजे सत्तावीस जणी वर गेल्या तेव्हा खाली अजून कितीतरी जणींनी त्यांचं घर धरलं असणार आणि त्यांची नावं कुठेच नाहीत.

आणि मग बोलता बोलता बाकीचं निघतं. निरोप लगेच पोचला. ठरवायला मीटिंग लागली नाही कारण मंगल दलाच्या बायका आधीपासून एकमेकींबरोबर काम करत होत्या, विश्वास आधीच तयार होता. जंगलातली एकेक वाट त्यांना माहीत होती कारण रोज त्याच वाटेने गवताचे भारे आणायच्या, कुठे अडवलं की पुढे जाता येत नाही हे वनखात्याच्या माणसाला काय माहीत असणार. समोरच्याला शत्रू न मानता भाऊ म्हणून बोलल्या त्यामुळे मजूर आणि ठेकेदार यांच्यात फट पडली. आणि मुख्य म्हणजे गौरादेवींच्या शब्दाला वजन होतं. ते वजन भाषणाने आलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर कोणाच्या वाईटावर न जाता घर उभं केलेली, सासू-सासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळलेली, दुसऱ्याच्या अडचणीला धावणारी बाई म्हणून लोकांनी तिला पाहिलेलं होतं. आपण 'लीडरशिप' या विषयावर केवढी मोठी मोठी सेशन्स घेतो, पण गावातली लीडर बाई अशीच तयार होते, वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

काही जण म्हणतात की हे सगळं अचानक झालं, बायका भावनेच्या भरात गेल्या. मला हे अजिबात पटत नाही. चमोली जिल्ह्यातच १९८० मध्ये डूंगरी-पैंतोली गावात बांजाचं म्हणजे ओकचं जंगल सरकारी बटाटा फार्मसाठी द्यायला गावातले पुरुष तयार होते, बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार होता, आणि बायका त्यांच्याच पुरुषांच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि जंगल वाचवलं. म्हणजे हिशोब पक्का होता. पुरुषाला रस्ता दिसत होता, बाईला सरपणाची फेरी पण दिसत होती.

नंतर

रैणीनंतर सरकारला दखल घ्यावीच लागली. उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा, त्यांनी दिल्लीचे वनस्पतीशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली, तिचा रिपोर्ट १९७६ मध्ये आला आणि त्यात रैणीच्या बायकांचं म्हणणं बरोबर ठरलं, तो डोंगर नाजूक आहे, तोड थांबली पाहिजे. अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात साधारण १,२०० चौरस किलोमीटरमध्ये दहा वर्षं तोडबंदी झाली. पुढे १९८० चा वन संवर्धन कायदा, आणि १९८१ मध्ये हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी. चंडीप्रसाद भट्टांना १९८२ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते योग्यच होतं, त्यांनी आयुष्य दिलंय. गौरादेवी मात्र रैणीतच राहिल्या, शेत, घर, मंगल दल, तसंच साधं आयुष्य, आणि ४ जुलै १९९१ ला गेल्या. सहासष्ट वर्षांच्या होत्या.

आता जो भाग आहे तो सांगताना मला दरवेळी त्रास होतो, पण तो गाळून ही केस शिकवली तर ती खोटी होईल. १९८२ मध्ये नंदादेवी नॅशनल पार्क झालं, १९८८ मध्ये जागतिक वारसा. जगाच्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण वरची कुरणं चराईला बंद झाली, गिर्यारोहकांबरोबर मिळणारं पोर्टर-गाइडचं काम गेलं, जडीबुटी आणणं गुन्हा झाला. ज्या बायकांनी जंगल वाचवलं त्यांनाच जंगलात जायला परवानगी हवी. १९९८ मध्ये लाता गावच्या लोकांनी, म्हणजे गौरादेवींच्या माहेरच्याच, 'झपटो छीनो' म्हणून आंदोलन केलं, आमचा हक्क परत द्या म्हणून. जंगल राखणारं कोण आणि त्याचा मालक कोण हा प्रश्न आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने पण लढून सोडवला, २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, आणि म्हणून आमच्या बायकांना हा भाग नुसता ऐकीव वाटत नाही.

आणि मग ७ फेब्रुवारी २०२१. रोंती शिखरावरून बर्फ आणि खडकाचा प्रचंड कडा सुटला आणि ऋषिगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा आला. रैणीजवळचा १३.२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प पुसला गेला, खाली तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा गाळाने भरला, आत माणसं काम करत होती, दोनशेच्या वर लोक मेले किंवा बेपत्ता झाले. रैणीजवळच्या प्रकल्पाच्या सुरुंगांबद्दल, नदीत टाकल्या जाणाऱ्या मलब्याबद्दल रैणीचे लोक २०१९ मध्येच हायकोर्टात गेले होते. पुरानंतर नदीने गावाखालचा डोंगर पोखरायला सुरुवात केली, जून २०२१ च्या पावसात रस्ता खचला, घरांना तडे गेले, आणि रैणीतला गौरादेवींचा पुतळा पण तिथून काढून जोशीमठला न्यावा लागला. तो नेताना गावच्या बायका रडत होत्या. पुढच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, प्रकल्पांच्या मंजुऱ्या रद्द करा आणि गावाचं पुनर्वसन करा म्हणून रैणी भागातल्या पाच जणांनी केलेली याचिका हायकोर्टाने फेटाळली, तुम्ही कोणाच्या तरी सांगण्यावरून आलात असा संशय घेतला, आणि प्रत्येकाला दहा हजार रुपये दंड केला. १९७६ मध्ये याच गावाच्या बायकांचं म्हणणं सरकारी कमिटीने खरं ठरवलं होतं, आणि आता त्याच गावाला तुम्हाला कोणी पाठवलं असं विचारलं गेलं. मला याचा राग येतो, आणि तो मी गटात लपवत नाही.

भूगर्भ तज्ज्ञांनी गाव राहायला सुरक्षित नाही असं सांगितलंय, म्हणजे पुनर्वसन टाळता येणार नाही. मागच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या बायकांनी यावर बराच वेळ चर्चा केली, आमच्या भागात पण धरणाने उठवलेली गावं आहेत, त्यांना अनुभव आहे. त्यांचं म्हणणं असं पडलं की नव्या जागेचा नकाशा दाखवतात तेव्हा त्यात प्लॉट असतात, रस्ता असतो, समाजमंदिर असतं, पण गवताचं रान किती लांब, सरपण कुठून आणायचं, पाणी चढावर आहे की उतारावर आणि गोठा कुठे बांधायचा हे नसतं, आणि मग सगळं जिच्या अंगावर पडतं तिला कोणी विचारलेलंच नसतं. रैणी हलवायची असेल तर जागा बघायला आधी तिथल्या महिला मंगल दलाला न्या आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मोजणी करू नका, हे आमच्या गटातल्या बायकांनी एकमताने सांगितलं आणि मी ते केसच्या शेवटच्या पानावर तसंच लिहून ठेवलंय.